पाण्याचा पेला आणि देहाचे वजन

दिल्लीच्या लोदी उद्यानात सूर्योदयापूर्वी फिरावयास येणाऱ्या मंडळींपैकी कित्येकांच्या हाती पाण्याची बाटली असते. कोणी कोमट पाणी आणतो, कोणी रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले, कोणी लिंबू पिळून मध घातलेले. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले असते : पाणी भरपूर प्यावे, म्हणजे मेद झडतो. हीच समजूत गुरुग्रामच्या कचेऱ्यांत, नोएडाच्या व्यायामशाळांत आणि पहाडगंजातील मराठी बिऱ्हाडांतही आढळते. पाण्यास दाम पडत नाही, त्यासाठी वैद्याची चिठ्ठी लागत नाही, आणि ते पिण्यास कोणाची मनाई नाही. इतका सुलभ उपाय लोकप्रिय व्हावा यात नवल ते काय?

या उपायाची दिल्लीला निकड भासावी असे कारणही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्लीतील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४१ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ३८ टक्के अतिवजनाच्या वर्गात मोडले. संपूर्ण देशाकरिता हेच प्रमाण स्त्रियांत २४ टक्के व पुरुषांत सुमारे २३ टक्के होते. या पाहणीत किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा २५ अथवा त्याहून अधिक असल्यास ते अतिवजन मानले जाते. भारतीयांच्या बाबतीत धोक्याची रेषा २३ वरच ओढावी, असे येथील तज्ज्ञांचे मत आहे. त्यामागील कारण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोठ्या मार्मिक रीतीने दाखविले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले व आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. वरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही भारतीय प्रकृती आहे. तेव्हा वजन ताब्यात ठेवण्याची दिल्लीकरांची धडपड उथळ म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच की, पाण्याने हे कार्य होते काय, आणि होत असल्यास कोणत्या वाटेने?

प्रथम वजन आणि मेद यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पाण्याविषयीचे निम्मे भ्रम या दोहोंच्या गल्लतीतून उद्भवतात. प्रौढ मनुष्याच्या देहाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. जून महिन्यात तासभर धावून आलेला मनुष्य काट्यावर उभा राहिला, तर वजन किलोभर उतरलेले दिसू शकते. पण उतरलेला तो किलो घामाचा असतो आणि दोन-चार पेले पाणी पोटात जाताच तो परत येतो. उपासाच्या पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्यातही पाण्याचाच वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेली शर्करा आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते; ती शर्करा खर्ची पडली की ते पाणीही बाहेर पडते.

देहाचे वजन आणि पाणी यांचा हा संबंध ऑगस्ट २०२४ मध्ये साऱ्या देशाने पॅरिसच्या ऑलिंपिक क्रीडांत पाहिला. हरियाणाची मल्ल विनेश फोगाट ५० किलोग्रॅमच्या गटात अंतिम फेरीत पोहोचली. पहिल्या दिवशी तिचे वजन मर्यादेत होते. दिवसभराच्या कुस्त्यांनंतर घेतलेल्या अन्नपाण्याने ते वाढले. रात्रभर घाम गाळून, केससुद्धा कापून ते उतरविण्याचा यत्न झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अवघे १०० ग्रॅम अधिक भरले, आणि ती स्पर्धेतून बाद ठरली. १०० ग्रॅम म्हणजे अर्ध्या पेल्याहूनही कमी पाणी. मल्लांना असा प्रसंग पत्करावा लागतो, तो गटाच्या नियमामुळे. परंतु काटा खाली यावा म्हणून तहान मारणारे, जाड कपडे घालून घाम काढणारे सामान्य लोकही दिल्लीत थोडे नाहीत. ते मेद न घालवता केवळ रक्त दाट करून घेतात आणि मूत्रपिंडांना शिणवितात.

आता उलट बाजूचा दावा पाहू. थंडगार पाणी प्याल्यास ते तापविण्यासाठी शरीराला मेद जाळावा लागतो, असे सांगण्यात येते. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही याचा हिशोब करता येईल. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. शीतकपाटातील पाणी ५ अंशांचे व शरीर ३७ अंशांचे धरले, तर दोन लिटर पाण्यास ६४ किलोकॅलरी लागतील. एक किलोग्रॅम मेदपेशीजाल म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. म्हणजे रोज दोन लिटर बर्फासारखे पाणी पिऊन एक किलो घटविण्यास चार महिने लागावेत, आणि तेही ही सारी उष्णता मेद जाळूनच निर्माण झाली असे मानले तर. येथेच हा तर्क कोसळतो. शरीर दिवसरात्र उष्णता निर्माण करीतच असते. तिचा निचरा कसा करावा, हीच त्याची चिंता असते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश तपमान नोंदले गेले. अशा दिवशी पोटात गेलेले थंड पाणी शरीराची नकोशी उष्णता शोषून घेते. त्यासाठी नव्याने काहीही जाळावे लागत नाही. शिवाय, कोमट पाण्यात चमचाभर, म्हणजे वीस ग्रॅम, मध घालणाऱ्याने सुमारे ६० किलोकॅलरी आत घातलेल्या असतात, याचा विसर पडू नये. लाभाचा सारा हिशोब त्या एका चमच्यात बुडतो.

या बाबतीत प्रयोगशाळांतही एकमत झाले नाही. २००३ साली बर्लिनमधील संशोधकांनी १४ निरोगी व्यक्तींना प्रत्येकी अर्धा लिटर पाणी पाजून त्यांच्या चयापचयाचा वेग काही काळ ३० टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध केले. हा आकडा अद्यापि जाहिरातींतून फिरत असतो. मात्र २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या मोजणीत साध्या पाण्याने अशी वाढ आढळली नाही, आणि पुढील परीक्षणांनीही बर्लिनच्या आकड्याला बळकटी दिली नाही. ज्या निष्कर्षाची पुनरावृत्ती होत नाही, त्यावर उपदेशाची इमारत उभारणे शास्त्राला मानवत नाही.

दिवसाकाठी आठ पेले पाण्याचा नियमही असाच कच्च्या पायावर उभा आहे. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले. त्यातील बराचसा भाग शिजविलेल्या अन्नातूनच मिळतो, हेही तेथेच नमूद होते. पहिले वाक्य जगभर गेले, दुसरे कागदावरच राहिले. वस्तुतः काकडीत ९५ टक्के, दुधात ८७ टक्के, शिजलेल्या भातात सुमारे ७० टक्के पाणी असते. रखरखीत उन्हात पथारी मांडणारा फेरीवाला व वातानुकूलित कचेरीतील लेखनिक यांना एकच माप लावणे हास्यास्पद होय.

असे असले तरी पाण्याचा व वजनाचा काहीच संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथाच्या सूत्रस्थानात एक निरीक्षण नोंदले आहे : भोजनापूर्वी पाणी पिणारा कृश, भोजनाच्या मध्ये पिणारा सम, आणि भोजनानंतर पिणारा स्थूल होतो. शतकानुशतके वैद्यांनी ते पाठ केले. ते खरे की खोटे, हे ताडून पाहण्याची पद्धती त्या काळी उपलब्ध नव्हती. ती आज आहे. २०१० साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ५५ ते ७५ वर्षे वयाच्या ४८ स्थूल व्यक्तींना बारा आठवडे मिताहारावर ठेवण्यात आले. त्यांपैकी एका गटाने प्रत्येक मुख्य भोजनापूर्वी अर्धा लिटर पाणी घेतले. त्या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दोन किलोग्रॅमने अधिक घटले. २०१५ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे ८४ जणांवर तसाच प्रयोग झाला. एका गटाने भोजनाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्यावयाचे होते, तर दुसऱ्या गटाने केवळ आपले पोट भरले आहे अशी कल्पना करावयाची होती! पाणी पिणाऱ्यांचे वजन १.३ किलोग्रॅमने अधिक उतरले. वाग्भटाच्या सूत्राचा पहिला तृतीयांश अशा रीतीने काही अंशी खरा ठरतो. उरलेल्या दोन तृतीयांशांना मात्र असा आधार मिळालेला नाही, आणि एका भागाच्या पुराव्यावर सबंध सूत्र सिद्ध झाल्याची दवंडी पिटणे इष्ट नव्हे. ताटाभोवती पाणी फिरवून घेतली जाणारी आपोशनीही याच शास्त्राची साक्ष आहे, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला एवढेच सांगावे की, आपोशनी पळीभर पाण्याची असते.

हा परिणाम का घडतो? जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की मज्जातंतूंद्वारे तृप्तीची वार्ता मेंदूस पोहोचते. भुकेचे नियमन मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक भागातून होते. त्यातील क्षुधाकेंद्राचा शोध १९५१ साली ज्या दोघा शास्त्रज्ञांनी लावला, त्यांपैकी एक बाल कृष्ण आनंद हे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. परंतु निव्वळ पाणी जठरात फार काळ थांबत नाही. वीसएक मिनिटांत त्यातील बराच भाग आतड्यांत उतरतो. वय वाढते तसा हा वेग मंदावतो, म्हणून भोजनपूर्व पाण्याचा गुण उतारवयात अधिक व तरुणांत अत्यल्प दिसतो. तरुणांना हा उपाय वारंवार सांगितला जातो आणि गुण मात्र त्यांच्या आजोबांना येतो, ही मौज आहे. पाणी अन्नाबरोबर शिजले असेल, तर गोष्ट वेगळी. पेनसिल्व्हेनियातील बार्बरा रोल्स यांनी १९९९ साली काही स्त्रियांना जेवणापूर्वी तेच पदार्थ व तितकेच पाणी दोन तऱ्हांनी दिले : एकदा पदार्थ निराळा व पाणी पेल्यात, दुसऱ्यांदा दोहोंचे सार करून. पेल्यातील पाण्याने पुढील जेवण कमी झाले नाही. साराने मात्र झाले. वरण, कढी, ताक, पातळ भाजी ही महाराष्ट्राची नित्याची सामग्री आहे. दिल्लीत आल्यावर तिची जागा तळलेल्या पुऱ्या-भटुऱ्यांनी घेतली, तर त्याची भरपाई बाटलीतल्या पाण्याने होत नाही.

तथापि पाण्याची खरी शक्ती ते पोटात काय करते यापेक्षा ते कोणाची जागा घेते यात आहे. तीनशे मिलिलिटरच्या गोड पेयाच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ १३० किलोकॅलरी असतात. द्रवरूपाने घेतलेल्या या साखरेची नोंद भूक नीट ठेवीत नाही. मनुष्य पेय पितो आणि जेवणही तेवढेच जेवतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधील एक प्रयोग या विषयातील आदर्श मानावा असा आहे. ६४१ मुलांपैकी निम्म्यांना दीड वर्षपर्यंत रोज पाव लिटर साखरेचे पेय व निम्म्यांना चवीला तसेच परंतु साखररहित पेय देण्यात आले. कोणाला काय मिळते, हे मुलांनाही ठाऊक नव्हते. अखेरीस साखर पिणाऱ्या मुलांचे वजन दुसऱ्या गटाहून सरासरी एक किलोग्रॅमने अधिक वाढले होते. कागदावरच्या हिशोबाने हा फरक सात किलोग्रॅमच्या घरात निघतो. शरीर हे वाण्याची वही नव्हे. ते इकडची तूट तिकडे भरून काढते. परंतु वाढत्या वयातील मुलाच्या दृष्टीने एक किलोचा फरक लहान नाही.

दिल्लीचा उन्हाळा हा गोड पेयांचा ऋतू आहे. गोळीच्या बाटलीतील 'बंटा', शिकंजी, लस्सी, उसाचा रस, गुलाबी सरबते यांनी पदपथ गजबजलेले असतात. गुरू अर्जनदेवांच्या शहीदीदिनी शीख मंडळी रस्त्यारस्त्यांवर छबील लावून येणाऱ्याजाणाऱ्यास थंड गोड दूधपाणी पाजतात. वर्षातून एकदा श्रद्धेने पाजलेल्या पेल्याने कोणी स्थूल होत नाही. महाराष्ट्रातही पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देण्याची चाल होती. खडा एकच असे, आणि तांब्या मात्र भरलेला असे. हल्ली हे प्रमाण उलटले आहे. शाळा सुटल्यावर तहानलेल्या मुलाला हाताशी काय सापडते, हा खरा प्रश्न आहे. बाटली शंभर पावलांवर मिळते. पाणी कोठे मिळते?

पाण्याने वजन राखावे, हा उपदेश करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे बहुधा पाठच फिरविलेली दिसते. व्यक्तीने काय प्यावे हे ते सांगतात. तिला ते निर्धास्तपणे पिता यावे म्हणून नगराने काय करावे, हे सांगत नाहीत. दिल्लीकर नळाच्या पाण्याला भितो, यास इतिहास आहे. १९५५ सालच्या उत्तरार्धात यमुनेचा प्रवाह बदलून नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे नदीतून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत येऊन पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरिनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वरासारखे जंतुजन्य रोग बळावले नाहीत. त्यामुळे संकट टळल्यासारखे वाटले. परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोकांना काविळीने गाठले. गरोदर स्त्रियांत तिचे स्वरूप विशेष घातक होते. जंतू मेले तरी विषाणू तगून राहू शकतात, हा धडा जगाच्या वैद्यकाला दिल्लीच्या या साथीने दिला. त्या वेळी जपून ठेवलेल्या रक्तद्रवाची १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने तपासणी झाली, आणि ती कावीळ तोवर परिचित असलेल्या विषाणूंची नव्हती असे निष्पन्न झाले. आज तो विषाणू 'ई' या अक्षराने ओळखला जातो.

त्यानंतर शुद्धीकरणाची साधने सुधारली व केंद्रे वाढली. तरी यमुनेतील अमोनियाचे प्रमाण चढले की वझिराबाद व चंद्रावळ येथील केंद्रांचे उत्पादन घटवावे लागते, हे दिल्लीकरांच्या अंगवळणी पडले आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे तो घरी शुद्धीकरण यंत्र बसवितो. उलट परासरणाची ही यंत्रे बरेचसे पाणी मोरीत सोडून देतात. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे त्यांच्या वापरावर बंदी आणावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिला होता. बाटलीबंद पाणी व शीतपेये घेणाऱ्याची निर्धास्तताही पूर्णतः साधार नाही. २००३ साली दिल्लीतील विज्ञान व पर्यावरण केंद्राने त्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. पेयांविषयीच्या निष्कर्षांची चौकशी करण्यास शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती नेमण्यात आली, आणि २००४ साली तिने ते ग्राह्य धरले. ज्यापाशी पैसा नाही, तो टँकरची वाट पाहतो. जून २०२४ च्या टंचाईत दिल्लीच्या वस्त्यांतून टँकरभोवती बादल्या घेऊन धावणारी माणसे साऱ्यांनी पाहिली. त्यांना दिवसाकाठी आठ पेल्यांचा उपदेश करावयास कोणाची जीभ धजावेल?

सार्वजनिक पाण्याचा वजनावर परिणाम होतो, हे केवळ अनुमान नाही. जर्मनीतील डॉर्टमुंड व एसेन या नगरांतील ३२ प्राथमिक शाळांत २००६-०७ या शालेय वर्षात याची परीक्षा झाली. १७ शाळांत पिण्याच्या पाण्याची कारंजी बसवून पाण्याविषयी काही पाठ देण्यात आले. उरलेल्या शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. वर्षाअखेर कारंज्यांच्या शाळांतील मुले रोज सुमारे एक पेला पाणी अधिक पीत होती, आणि त्यांच्यात अतिवजनाची जोखीम ३१ टक्क्यांनी कमी आढळली. येथे एक गोष्ट दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल : त्या मुलांच्या फळरसाच्या व गोड पेयांच्या सेवनात लक्षात घेण्याजोगी घट मोजता आली नाही. म्हणजे पाण्याने पेयांची जागा घेतली, हे स्पष्टीकरण तेथे पुरेसे ठरत नाही. कदाचित मुलांनी सांगितलेली माहिती ढोबळ असावी, कदाचित अन्य काही घडले असावे. न्यूयॉर्कच्या बाराशेहून अधिक सार्वजनिक शाळांतील दहा लाखांवर विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून २०१६ साली असेच निष्कर्ष निघाले. ज्या शाळांच्या भोजनगृहांत थंड पाण्याची पारदर्शक पात्रे ठेवली गेली, तेथे अतिवजन असलेल्या मुलांचे प्रमाण ०.९ व मुलींचे ०.६ टक्के-अंकांनी घटले. हे आकडे पाहून कोणी नाक मुरडील. परंतु औषध नाही, व्याख्यान नाही, मुलाच्या ताटातून काही काढून घेतले नाही. केवळ पाणी डोळ्यांसमोर ठेवले, आणि लाखो मुलांच्या समुदायात शेकड्यामागे जवळजवळ एकाचे वजन योग्य मर्यादेत आले. याहून स्वस्त आरोग्ययोजना दाखविणे कठीण आहे.

म्हणून दिल्ली व तिच्या परिसरातील नगरांनी पिण्याच्या पाण्याचा नळ ही स्थूलतानिवारणाची एक योजनाच समजावी, असे मत आग्रहाने मांडणे योग्य होय. जुन्या दिल्लीत बावड्या होत्या, बाजारातून प्याऊ होते. महाराष्ट्रात चैत्र लागला की गावोगाव पाणपोया उघडत; रांजणावर ओले फडके, वर पितळी ओगराळे, आणि पाणी ओतून देणारा एक मनुष्य. पुण्य म्हणून होत असलेले हे कार्य मंदावले आणि त्याची जागा विक्रीने घेतली. मेट्रोच्या स्थानकाबाहेर, बसथांब्यावर, बाजारात व उद्यानात निर्धोक पाणी विनामूल्य मिळाले, तर गोड बाटली न घेण्याचा उपदेश निराळा करावा लागणार नाही.

शाळांपासून आरंभ करणे सर्वांत सुकर. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. कोणत्या पेयात किती साखर आहे, हे मुलांना त्यावरून कळावे असा हेतू. हेतू स्तुत्य आहे. परंतु फलकाखाली नळ नसेल, किंवा असून त्याला शेवाळ धरले असेल, तर मूल फलक वाचून पुन्हा दुकानाकडेच जाईल. नळाच्या तोंडाशी पाण्यात मुक्त क्लोरिन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. हे मोजण्यास साधी रंगतुलनेची पेटी पुरते, आणि नववी-दहावीचे विद्यार्थी ते सहज करू शकतात. त्यांनी दर आठवड्यास घेतलेली नोंद साखरेच्या फलकाशेजारी लावली जावी. गच्चीवरील टाकी धुतल्याची तारीखही तेथेच असावी. वहीतील धड्यापेक्षा असा पाठ मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

जे मूल पाणी पिते आहे त्याला बळेबळे अधिक पाजण्याचा मात्र मोह धरू नये. निरोगी मूत्रपिंडे तासाभरात जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत अशी अवस्था आढळली होती. मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या रुग्णांनी तर पाण्याचे माप वैद्याकडूनच ठरवून घ्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे आणि तहान भागलेली असणे, एवढी खूण निरोगी मनुष्याला पुरेशी आहे.

अतिपानाहून कितीतरी व्यापक दोष म्हणजे शाळेत मुळीच पाणी न पिणे, आणि तो मुलींत विशेष आढळतो. स्वच्छतागृह अस्वच्छ, कुलूपबंद अथवा दूर असल्यामुळे कित्येक मुली सकाळी निघाल्यापासून दुपारी घरी येईपर्यंत घोटभरही पाणी घेत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात, आणि घरी येताच जी तहान व भूक एकदम उसळते ती जे समोर असेल त्यावर भागते. २०१९ साली केरळातील शाळांत पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा वाजविण्याची प्रथा सुरू झाली आणि इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. दिल्लीतील ज्या शाळा ती स्वीकारतील, त्यांनी घंटेबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असू नये. आणि वेळापत्रकात अवकाश पुरेसा ठेवावा. पाच मिनिटांच्या घंटेत दोन नळांवर चाळीस मुली उभ्या राहिल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा सेकंद येतात.